वेशीबाहेरचा देव

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो. करंज्या, चिवडा, शंकरपाळे, आणि केक आपला मुलांच्या हट्टापायी. शेजारचे अण्णा दर वर्षी फराळाला येतात. दारात चपला काढतात, कोपऱ्यात मांडलेल्या गव्हाणीपुढे हात जोडतात, प्लॅस्टरच्या बाळापाशी दहाची नोट ठेवतात आणि पाटावर बसता बसता म्हणतात, "सगळे एकच हो, मास्तर. आमचा कृष्ण गवळ्यांत, तुमचा येशू मेंढपाळांत."

नोट मी उचलत नाही, बोलत तर मुळीच नाही. सणाच्या दिवशी पाहुण्याशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही.

याच नाताळात पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, येशूला देव ठरवलं ते ३२५ साली. राजाने सभा बोलावली, मतदान झालं, ठराव पास. त्याआधी तो चांगला शिक्षक होता, एवढंच."

म्हणजे अण्णांना येशू देव मानायला काहीच अडचण नाही. त्यांच्या देव्हाऱ्यात जागा मोकळी आहे. भाच्याला पूर्ण अडचण आहे. त्याच्या लेखी येशू एक सद्गुणी गुरुजी. वरवर पाहता दोघांची टोकं विरुद्ध आहेत. मला मात्र वाटतं की दोघांच्याही नजरेतून एकच गोष्ट निसटली आहे. येशूला देव म्हणणारी पहिली माणसं कोण होती, हे दोघांनीही विचारलेलं नाही.

आधी भाच्याचं पाहू, कारण ते सोपं आहे.

३२५ साली निकेया इथे सभा झाली हे खरं. आजचं तुर्कस्तानातलं इझ्निक ते हेच. सम्राट कॉन्स्टंटाइनने ती बोलावली हेही खरं. पण वाद 'येशू माणूस की देव' असा नव्हताच. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र जगाच्या आधीचा आहे, सगळं त्याच्याद्वारेच निर्माण झालं, तो पूज्य आहे, पण तोही निर्माण केलेला आहे. एके काळी तो नव्हता. आजच्या अर्थाने 'नुसता चांगला शिक्षक' म्हणणारा त्या सभेत एकही बिशप नव्हता. पराभूत पक्षसुद्धा ख्रिस्ताची उपासना करत होता. प्रश्न एवढाच होता, की ज्याची उपासना करतो तो निर्मात्याच्या बाजूचा की निर्मितीच्या? सभेने उत्तर दिलं: घडवलेला नव्हे, जन्मलेला; पित्याशी एकाच तत्त्वाचा. लिबियाकडच्या दोन बिशपांनी शेवटपर्यंत सही केली नाही. बाकी जवळजवळ सगळ्यांनी केली.

आणि सम्राटाच्या दबावाचं म्हणाल, तर पुढचा इतिहास नेमका उलटा आहे. त्याच कॉन्स्टंटाइनने काही वर्षांत एरियसला माफ केलं, निकेयाची बाजू लावून धरणाऱ्या अथानासियसला हद्दपार केलं, आणि ३३७ साली मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तोही एरियसच्या बाजूने झुकलेल्या बिशपाच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघडच त्या गोटातला. अथानासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. राजदंडाने ही श्रद्धा टिकवली म्हणावं, तर तो राजदंड कितीतरी वर्षं तिच्याच पाठीत बसत होता.

पण मला या सगळ्याहून एक दुसरी गोष्ट मोलाची वाटते. निकेया ज्या बिथुनिया प्रांतात आहे, त्याच प्रांतावर सुमारे दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. मोठा चोख अधिकारी. निकेयाच्या नाट्यगृहाचं बांधकाम खचतंय, पैसा वाया जातोय, अशा तक्रारीही तो सम्राट त्राजानला कळवी. इसवी सन ११२ च्या सुमारास त्याने ख्रिस्ती लोकांबद्दल पत्र लिहिलं. धरून आणलेल्यांपैकी, पूर्वी ख्रिस्ती असलेल्या काहींनी सांगितलं, आमचा गुन्हा एवढाच की ठरलेल्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत आम्ही जमत होतो आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत आळीपाळीने गात होतो. प्लिनीला खातरजमा हवी होती. म्हणून त्याने मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ करवला. हाती काय लागलं? त्याच्या मते निव्वळ एक अतिरेकी अंधश्रद्धा.

त्या दोघींची नावं त्याने लिहून ठेवली नाहीत. गुलामांची कोण लिहितो? पण भाच्याने जो ठराव ३२५ चा म्हणून दाखवला, तो त्याच प्रांतात २१३ वर्षं आधी गायला जात होता. तो गाणाऱ्या या बायकांना मताचा अधिकार तर सोडाच, स्वतःच्या अंगावरसुद्धा अधिकार नव्हता.

असे पुरावे इतरत्रही आहेत. २००५ साली इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात बांधकामाआधी खणताना तिसऱ्या शतकातली मोझेइकची फरशी सापडली. त्यावरच्या ग्रीक लेखाप्रमाणे अकेप्तूस नावाच्या देवभक्त बाईने 'देव येशू ख्रिस्त' याला स्मरणार्थ मेज अर्पण केलं होतं. आणि रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर भिंतीच्या गिलाव्यात ओरखडलेलं एक चित्र आहे, साधारण इसवी सन २०० च्या आसपासचं. वधस्तंभावर एक माणूस, त्याला डोकं गाढवाचं, खाली हात वर केलेला एक पोरगा आणि मोडक्या ग्रीकमध्ये ओळ: अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. कुणीतरी सोबत्याची खोडी काढली आहे, आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर काढतात तशी. टवाळखोराला अथानासियस ठाऊक नव्हता, एरियसही नव्हता. ख्रिस्ती पोरं क्रुसावरच्या माणसाला देव म्हणतात एवढं मात्र ठाऊक होतं, आणि त्यातली गंमतही त्याला बरोबर कळली होती. फासावर गेलेला देव! गाढवपणाच तो.

व्याकरण नंतर लिहिलं गेलं म्हणून भाषा नंतर जन्माला आली असं होत नाही. निकेयात व्याकरण लिहिलं गेलं. त्या व्याकरणाची परिभाषा शेकडो वर्षं घडत गेली, तिच्यावर तत्त्वज्ञानाच्या ग्रीक शब्दांची छाया आहे, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. पण नमस्कार आधीचा होता.

किती आधीचा? इथे जरा थांबायला हवं.

आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इसवी सन ५५ च्या आगेमागे, येशूच्या मरणानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. पत्र ग्रीक, वाचणारे ग्रीक बोलणारे. पण शेवटी शेवटी पौल एकाएकी एक अरामी शब्द टाकतो, तोही अर्थ न सांगता: मारानाथा. आमच्या प्रभू, ये. अरामी ही येशूची आणि त्याच्या गालीली शिष्यांची घरची बोली. ग्रीक मंडळीला तो शब्द न सांगता कळतो, याचा अर्थ ती प्रार्थना यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतून तशीच उचलून आणलेली आहे, जशी आपण आमेन किंवा हालेलुया उचलली. मेलेल्या शिक्षकाची आठवण काढतात, त्याची वचनं घोकतात; त्याला 'ये' म्हणून हाक मारत नाहीत.

पौल फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, लिहितो तेव्हा एक गीत उद्धृत करतो. ते त्याच्याही आधीचं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तो देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप घेतलं, मरणापर्यंत, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. म्हणून त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. हा गुडघा येतो यहूदी शास्त्रातल्या यशयाच्या पुस्तकातून, पंचेचाळिसाव्या अध्यायातून. तिथे परमेश्वर म्हणतो की मीच देव, दुसरा कोणी नाही, आणि माझ्यापुढेच प्रत्येक गुडघा टेकेल. साऱ्या यहूदी शास्त्रातलं एकेश्वराचं याहून कडक वचन शोधून सापडणार नाही. आणि तेच उचलून या लोकांनी एका सुताराला लावलं.

हे यहूदी होते, हेच अण्णांना सांगायचं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ 'हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर अनन्य आहे' म्हणणारे. यांच्याकडे देव्हाराच नव्हता, मग त्यात मोकळी जागा कुठून असणार? सन ४० मध्ये सम्राट कालिगुलाने यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा हुकूम काढला, तेव्हा हजारो यहूदी, बायकापोरांसकट, रोमन अधिकाऱ्यापुढे जाऊन बसले: आधी आमच्या माना कापा, मग पुतळा न्या. शेतं पेरायची राहिली तरी उठले नाहीत. माणसाला देव म्हणण्याबद्दल त्या लोकांना काय वाटे, ते यावरून कळतं. त्याच दशकात, त्याच यरुशलेमात, त्याच लोकांतली काही माणसं गालीलातल्या एका माणसाला 'मारान', म्हणजे 'आमचा प्रभू', म्हणून प्रार्थना करत होती.

रोममध्ये माणसाचा देव होणं सोपं होतं. मेलेल्या सम्राटाला सिनेट देवत्व बहाल करी. आपल्याकडेही ते फार अवघड नाही, गावोगावच्या समाध्या साक्ष आहेत. देवत्व हळूहळू चढत गेलं, दंतकथा वाढत गेली, हा सिद्धांत अशा मातीत चालतो. यरुशलेमच्या मातीत तो चालत नाही, आणि पंचवीस वर्षांत तर नाहीच.

"पण हे पौलाने केलं" असं भाचा म्हणेल. ठीक. पौल स्वतः सांगतो की तो यरुशलेमला जाऊन येशूचा पट्टशिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. पुढे अंत्युखियात पेत्राचं आणि त्याचं चारचौघांत वाजलंही. कशावरून? तर पंक्तिभेदावरून. पेत्र आधी परजातीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो पानावरून उठायला लागला. पौलाने त्याला तोंडावर ढोंगी ठरवलं, आणि पत्रात लिहूनही ठेवलं. सुंतेवरून भांडण, जेवणावरून भांडण, सगळ्याची नोंद आहे. पण 'तू आमच्या गुरूला देव करून ठेवलास' अशी तक्रार पौलाच्या एकाही पत्रात उत्तरासाठी येत नाही. कुणाच्या ताटाला ताट लावायचं यावरून जे इतके तापले, ते सख्ख्या भावाला कुणी देव केल्यावर गप्प बसले असते? मला नाही पटत.

आता खुद्द येशू काय म्हणाला? इथे आमच्याकडचे प्रचारक एक ठरलेलं वाक्य टाकतात: तो एकतर वेडा, नाहीतर लबाड, नाहीतर प्रभू. टाळ्या पडतात. मला ते अपुरं वाटतं, कारण ऐकणारा चौथा पर्याय काढतो: तो असं काही बोललाच नसेल, मागाहून लिहिलं असेल. तेव्हा 'मी देव आहे' असं छापील वाक्य शोधत बसण्यापेक्षा तो वागला कसा ते बघावं.

मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दुसऱ्याच अध्यायात, कफर्णहूमचं एक घर आहे. दारात रेटारेटी. चौघांनी पक्षघाती माणसाला बाजेसकट वर नेलं आणि छप्पर उकरलं. ज्याने आपल्याकडचं माळवद पाहिलं आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही: लाकडं, काटक्या, वर चोपलेली माती; खणायला लागलं की खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ढेकळं. त्या धुळीतून बाज खाली येते आणि येशू त्या माणसाला म्हणतो, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." बसलेले शास्त्री मनात म्हणतात, हा देवनिंदा करतो, देवावाचून क्षमा कोण करणार?

शास्त्र्यांचं बरोबर होतं. शेजाऱ्याने माझी गाय चोरली तर क्षमा मी करीन. तिसऱ्याच माणसाने येऊन 'जा, तुला माफ केलं' म्हणायचा संबंध काय? त्या बाजेवरच्या माणसाने येशूचं काही बिघडवलं नव्हतं. मंदिर, याजक, यज्ञ, सगळं ओलांडून येशू थेट स्वतःच्या नावावर क्षमा करतो आणि शास्त्र्यांचा समज दुरुस्तही करत नाही. पुढे मुख्य याजकासमोर, जीव पणाला लागलेला असताना, यहूदी शास्त्रातल्या दानीएलाच्या दृष्टांतातला मेघांवरून येणारा मनुष्याचा पुत्र मीच असं सांगतो. याजकाने कपडे फाडले ते एखाद्या सुभाषितावरून नाही. गिरिप्रवचन देणाऱ्याला कुणी क्रुसावर देत नसतं.

आणि अडचणीची वचनं? तीही याच मार्ककडे आहेत. "मला उत्तम का म्हणतोस? एक देव सोडला तर कोणी उत्तम नाही." आणि शेवटच्या दिवसाबद्दल: ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, पित्याला ठाऊक आहे. विरोधक ही वचनं पुढे करतात तेव्हा आमच्यातले काहीजण चुळबुळ करतात. मला त्यांचा आधारच वाटतो. मंडळीला देव बनवायचाच असता, तर पहिली कात्री इथे लागली असती. लागली नाही, कारण त्यांना खरा माणूसही तितकाच हवा होता. भुकेला, दमलेला, नावेत उशीवर झोपलेला, न जाणणारा. 'रिक्त केलं' म्हणजे काय? सगळं ठाऊक असलेला, नुसता माणसाचा वेष घेतलेला देव रिक्त कसला? गंमत म्हणजे मंडळीला अगदी सुरुवातीला जो पाखंडवाद खोडून काढावा लागला, तो ख्रिस्ताचं देवपण नाकारणारा नव्हता. तो त्याचं माणूसपण नाकारणारा होता. देव खरोखर देहात आला नाही, तसा भास झाला, असं काही लोक म्हणत. योहानाच्या पहिल्या पत्रात त्यांच्यावरच रोख आहे.

हा प्रश्न मराठी डोक्यांनी काही आज विचारलेला नाही. प्रार्थना समाजातल्या मंडळींना येशूची नीती हवी होती, देवपण नको होतं. कोलकात्यात राममोहन रॉय यांनी १८२० मध्येच येशूचे उपदेश चमत्कारांपासून वेगळे काढून छापले होते. पण मला सर्वांत जवळची वाटते ती पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी पत्रांतून झगडायला लागली. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे शास्त्रात कुठे आहे दाखवा, ख्रिस्ताचं देवपण कशावरून ते सांगा. इथल्या पुरोहितांचं जोखड एवढ्या कष्टाने उतरवलेली ही बाई, तिकडच्या पुरोहितांचं मानेवर घ्यायला तयार नव्हती. चर्च म्हणतं म्हणून मानणार नाही, हा तिचा बाणा. पुढे काही वर्षांनी ती ख्रिस्ताला प्रभू आणि तारणारा म्हणून शरण गेली, ती कुणाच्या हुकमाने नव्हे. मग केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सगळं पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, तिच्या मागे, पूर्ण छापून निघालं. ज्यांना वाटतं की ही श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणाऱ्यांचा मामला, त्यांनी रमाबाईची ती पत्रं एकदा चाळावीत.

अण्णा राहिले. त्यांना उत्तर देणं अवघड आहे, कारण ते नाकारतच नाहीत. अवतार त्यांच्या ओळखीचे आहेत, आणि 'तुमचे अवतार नुसते वेषांतर' असं सवंग उत्तर मी देणार नाही. सीतेसाठी रडणारा राम आणि व्याधाच्या बाणाने गेलेला कृष्ण मलाही ठाऊक आहेत. पण अवतार काम संपवून परत जातो, आणि गरज पडली की दुसरा येतो. आमचं म्हणणं असं की देव एकदाच माणूस झाला आणि मग माणूसपण टाकून दिलंच नाही. मेलेल्यांतून उठल्यावरसुद्धा शिष्य थोमाला दाखवायला त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. ते पाहून थोमा म्हणाला, "माझा प्रभू व माझा देव." त्याने तेज पाहिलं नव्हतं. त्याला भोकं दिसली होती.

इथेच 'चांगला शिक्षक' आणि 'अनेकांतला एक देव' ही दोन्ही उत्तरं मला तोकडी पडतात. क्रूस ही रोममध्ये मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. फिलिप्पैकरांच्या गीतात 'दास' हा शब्द विनयाने आलेला नाही. तो कायद्याचा शब्द आहे. प्लिनीने ज्या दोघींना पिळून काढलं, त्या स्वतः दासी होत्या. पहाटे त्या जे गात असतील त्यात देव त्यांच्यासारखा विकला-बांधला जाणारा झाला असं असेल, तर त्या ते का गात असतील याचा थोडा अंदाज येतो.

माझी आजी म्हातारपणी अक्षरं शिकली. तिचा बाप नगर जिल्ह्यातल्या एका गावाचा, म्हणजे गावाचा म्हणायचं, राहणं गावकुसाबाहेर. ख्रिस्ती झाल्यावर सगळं पालटलं असं नाही. चर्चमध्येही बाकांच्या रांगा जातीने पडलेल्या तिने पाहिल्या, त्यावरून ती पाळकसाहेबांशी भांडलीही. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय ती पुन्हा पुन्हा काढायची. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचायची: येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसलं. 'वेशीबाहेर'पाशी बोट थांबायचं.

मी तेव्हा कॉलेजात होतो, भाच्यासारखाच शहाणा. तिला म्हणालो, "आजी, तो देव नसला तरी काय बिघडलं? चांगला माणूस होता, आपल्यासाठी मेला, पुरे की."

तिने चष्मा काढला. "वेशीबाहेर चांगली माणसं मेलेली मी चिक्कार पाहिलीत रे," ती म्हणाली, "माझा बाप त्यातलाच. त्यासाठी पुस्तक कशाला वाचू?"

आणि पुन्हा बोट ठेवून पुढची ओळ वाचायला लागली.